सर्वांत आखूड बंध

घरात लसूण संपलेला असला तरी आमच्या घराला लसणाचा वास यायचा. नवा पाहुणा ओसरीवर टेकला की इकडेतिकडे बघायचा, आणि माय स्वयंपाकघरातूनच सांगायची, "फोडणी नाई जी, कारबाईड हाये." गोंदियाला स्टेशनच्या मागे, राइस मिलच्या रांगेला लागून आमचं घर. बाबांचा धंदा गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा. लग्नाची वरात असो, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई असो की मंडईत रात्रभर चालणारं नाटक, म्हणजे दंडार, उजेड आमच्या घरून जायचा. कारबाईडचे राखाडी खडे बत्तीच्या खालच्या डब्यात टाकायचे आणि वरच्या डब्यातून त्यांवर थेंब थेंब पाणी सोडायचं. खडे फसफसायचे, वायू निघायचा आणि तोटीशी काडी धरली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा. त्या वायूचं नाव ॲसिटिलीन, हे मला पुष्कळ पुढे कळलं. आम्ही त्याला नुसतं 'गॅस' म्हणायचो.

सकाळी मिलचा भोंगा व्हायचा, मग रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज, आणि अंगणात देवाजीकाका एकेक बत्ती पेटवून तपासत असायचा त्याचं ते 'सूंऽऽ'. बत्तीतून उरलेला चुन्याचा गाळ माय वाया जाऊ द्यायची नाही. त्यात पाणी घालून ती दिवाळीला भिंती सारवायची. लाखोळीची डाळ, भात आणि अंबाडीची भाजी हे आमचं रोजचं जेवण. हिवाळ्यात बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, शिंगाडे उकडून परातीत ओतलेले असायचे आणि काका कारबाईडनं पांढरे पडलेले हात तसेच धोतराला पुसून शिंगाडे सोलायला बसायचा. माय ओरडायची, "हात धू ना रे देवाजी!" तो हसायचा. त्या घरात त्या वायूची कुणालाच भीती वाटत नव्हती. आज मागे वळून पाहताना मला पहिल्यांदा आठवतं ते हेच, की आम्ही भीत नव्हतो.

देवाजीकाका बाबांचा धाकटा भाऊ, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. शाळा चौथीत सुटलेली, पण हात असा की बिघडलेलं काहीही त्याच्यापुढे ठेवावं. डाग देणं, कापणं, कानस मारणं, सगळं त्याला यायचं. मला लहानपणी खेळायला त्यानं पत्र्याची आगगाडी केली होती, तिचे दरवाजे उघडायचे. मी मॅट्रिक झाले तेव्हा गावात नुकतंच कॉलेज निघालं होतं. मला सायन्सला घालायला बाबा तयार नव्हते. "पोरीले कायले पायजे ते?" असं ते दोन दिवस म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी काकाच फॉर्म घेऊन आला. "भाऊ, आपल्या घरात इतका गॅस जळून राहिला, एकाले तरी समजू द्या का गॅस म्हणजे का असते." बाबांनी सही केली. वर्गात आम्ही दोनच मुली, पहिल्या बाकावर.

केमिस्ट्रीला दुबे सर होते, जबलपूरकडचे. पुस्तक इंग्रजी, शिकवणं हिंदी, आणि आम्ही घरी येऊन ते आपल्या बोलीत समजून घ्यायचो. एके दिवशी त्यांनी फळ्यावर तीन नावं लिहिली: इथेन, एथिलीन, ॲसिटिलीन. तिन्हीत कार्बनचे दोन-दोनच अणू. पहिल्यात ते एका बंधानं जोडलेले, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मग त्या दोन अणूंमधलं अंतर त्यांनी प्रत्येकासमोर लिहिलं. एक पूर्णांक चौपन्न शतांश, एक पूर्णांक चौतीस, एक पूर्णांक वीस. माप अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे एका सेंटिमीटरचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातला एक. "जितने ज़्यादा बंधन, उतनी कम दूरी," सर म्हणाले. माझ्या कानावर तिसरं नाव पडलं आणि मी हात वर केला. "सर, हा तर आमच्या घरचा गॅस आहे." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तो फिर तुम ही इनका मॉडल बनाकर लाओ. नाप से."

हे ऐकून काकाला केवढा आनंद झाला. सालेकश्याच्या जंगलातून आलेला बांबू अंगणात पडलेला होता. त्याच्या त्यानं सारख्या जाडीच्या काड्या तासल्या. अणूंसाठी बोडीच्या चिकणमातीच्या गोळ्या वळल्या. कार्बनच्या गोळ्यांना चुलीची काजळी फासली आणि हायड्रोजनच्या छोट्या गोळ्यांना कारबाईडचा चुना. काकाची पट्टी इंचांची होती, मी कॉलेजातून सेंटिमीटरची मागून आणली. एका अँगस्ट्रॉमला दहा सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. इथेनची काडी साडेपंधराला एक मिलिमीटर कमी, एथिलीनच्या दोन काड्या साडेतेराला एक कमी, आणि ॲसिटिलीनच्या तीन काड्या बरोबर बारा. काका कानस मारून काडी पट्टीवर ठेवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि पुन्हा घासायचा.

"अर्ध्या सुताचा फरक कोण पायते काका?" मी कंटाळून म्हटलं.

"सर पायतीन ना. आन् नाई पाह्यलं तरी आपल्याले मालूम रायते."

तिन्ही तयार झाल्यावर त्यानं ती ओसरीच्या कठड्यावर ओळीनं मांडली आणि बराच वेळ बघत बसला. "तीन दोऱ्यांनी आवळलं का जवळ येतेच. पण मंग याले सुटाले किती जोर लागत असंल वो शकुन?"  पुढे सरांनी सहा कार्बनच्या कड्याचं, बेन्झीनचंही मॉडेल मागितलं, तेव्हा मात्र आमची फसगत झाली. पुस्तकातल्या आकृतीत एकाआड एक एकेरी आणि दुहेरी बंध होते, म्हणून आम्ही तीन लांब आणि तीन आखूड काड्या लावल्या. षटकोन वाकडातिकडा झाला. सरांनी सांगितलं की बेन्झीनचे सहाही बंध सारखेच असतात, एक पूर्णांक एकोणचाळीस, ना लांब ना आखूड. काकानं रात्रीतून सहा नव्या काड्या तासल्या आणि सकाळी तो नीट षटकोन मायच्या हातात दिला. मायनं तो उलटापालटा करून विचारलं, "याच्यात का ठेवतेत?" आम्ही दोघं हसून लोळलो.

ही मॉडेलं सरांनी टेबलावर मांडून ठेवली. ॲसिटिलीनचं मात्र हातात घेऊन ते म्हणाले, "यह सबसे छोटा है, सबसे कसा हुआ. पर कसा हुआ मतलब शांत नहीं. इसके भीतर बहुत कुछ भरा है." ते घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाला, "म्हणून तर उजेड पडते."

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता काकाच्या डोक्यात मोठ्या यंत्रानं घर केलं. दंडारीच्या मांडवात आठ-दहा बत्त्या टांगायच्या, दर तासाला एकेकीत पाणी भरायचं, एक विझली की दुसरीकडे धावायचं, याला तो कंटाळला होता. एकच मोठी टाकी करायची, तिच्यातून नळी काढायची आणि मांडवभर आठ तोट्या लावायच्या, असा त्याचा बेत. टाकी त्यानं तेलाच्या पिंपाची केली. पाण्यावर तरंगणारं उपडं झाकण, त्याखाली साठलेला वायू. नळीसाठी कुठून तरी तांब्याचे तुकडे मिळाले होते. तांबं त्याला आवडायचं, हवं तसं वाकायचं, डाग चांगला बसायचा. रोज संध्याकाळी अंगणात आठ ज्योती एकदम लागायच्या आणि शेजारपाजारचे लोक बघायला जमायचे. बाबाही खूश होते. मंडईच्या पंचांना त्यांनी सांगून टाकलं होतं की औंदा मांडवात दिवस उगवलेला दिसंल. काकाचं लग्न ठरलं होतं, बोदलकश्याच्या बाजूची मुलगी होती, आणि तिच्या घरचे लोक त्याच मंडईला येणार होते. दंडारीत मुलं अगदी पुढे बसतात, तोट्यांच्या खाली, हे मी तेव्हा मनात आणलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत अंगणातला लसणाचा वास इतका दाट झाला की भातालाही तो लागे. माय एकदा म्हणाली, "मले हे बरं नाई वाटून राहिलं." कशाबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.

मंडईला चार दिवस उरले असताना दुबे सरांनी पुन्हा त्याच तीन रेणूंवर तास घेतला. या वेळी कार्बन-कार्बन नाही, कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध. तोही तिन्हीत सारखा नसतो. इथेनमध्ये एक पूर्णांक दहा, ॲसिटिलीनमध्ये एक पूर्णांक सहा. म्हणजे इथेही ॲसिटिलीनचाच आखूड. "अब सोचो," सर म्हणाले, "छोटा है, मज़बूत है, फिर भी इसी का हायड्रोजन धातु के सामने अपनी जगह छोड़ देता है. ऐसा क्यों, किताब में देखकर कल बताना." घंटा झाली. मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत जाऊन ते जाड पुस्तक काढलं. बंधांच्या लांबीचा तक्ता सापडला, त्याखालचा परिच्छेद बोट ठेवून वाचू लागले. ॲसिटिलीनचा हायड्रोजन जाऊन त्या जागी चांदी किंवा तांबं बसतं. तांब्याच्या नळीतून हा वायू नेला तर आत तांबूस थर धरतो, आणि तो थर स्फोटक असतो. पानावरची ती शेवटची ओळ होती. मी पुस्तक मिटलं, टेबलावर तसंच टाकलं आणि घराकडे निघाले. पुढचा तास बुडतोय हेही लक्षात आलं नाही. मिलचा दुपारचा भोंगा होत होता.

काका अंगणात होता. यंत्र दोन दिवस बंद होतं, नळ्या उन्हात कोरड्या पडल्या होत्या, आणि तो टाकीला बाहेरून रंग देत होता. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते.

"काका, ही नळी काढ. तांब्याची नको."

"काऊन? का झालं?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांचा अडकित्ता थांबला. "आपल्या बत्त्याइच्या तोट्या पितळेच्या हायेत. पितळात तांबंच असते ना? माह्या बापाच्या टायमापासून का झालं? मंडई चार दिवसावर आली आन् तू कायले भेव घालून राहिली?"

"पितळात जस्त असते बाबा. हे निखळ तांबं आहे. पुस्तकात लिवलं आहे."

"पुस्तकवाल्यानं कधी बत्ती लावली का?"

 काकानं ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले आणि नळीजवळ जाऊन उकिडवा बसला. मग म्हणाला, "भाऊ, पोरगी खोटी नाई बोलत. लोखंडी नळी लावून घेऊ. एका दिवसाचं काम हाये." बाबा पुटपुटत आत गेले. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच कठड्याला टेकले.

त्यानं टाकीजवळचा जोड ढिला केला आणि हातभर लांबीचा पहिला तुकडा काढला. तो डोळ्याशी धरून सूर्याकडे करून आत पाहिलं. "ये, पाय," तो म्हणाला. "तांबूस काळं काईतरी धरलं आहे आतून. हेच का वो तुह्यावालं ते?"

मी जाऊन नळीत डोकावले. होतं. पुस्तकात सांगितलं होतं अगदी तसंच. आणि मला आठवतं, लपवून काय उपयोग, मला त्या क्षणी आनंद झाला होता. मी वाचलेलं खरं निघालं होतं. "हेच," मी म्हटलं. "थोडंसं काढता येईल का? सरांना दाखवते."

काकानं मला कागद आणायला सांगितलं. मी ओसरीकडे वळले. त्यानं लोखंडी तार घेतली, नळीत घातली आणि खरवडायला सुरुवात केली, एवढं मी मान वळवून पाहिलं.

आवाज मोठा नव्हता. कोरडा, तुटक, जवळच कुणी फळी मोडावी तसा. मग टाकीतल्या वायूनं पेट घेतला आणि अंगणात भगभगीत पांढरा उजेड झाला. भर दुपारी भिंतीवर माझी सावली पडलेली मी पाहिली. बाबा धावत आले, त्यांनी पोतं भिजवून टाकीवर टाकलं. माय ओरडत नव्हती. ती काकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पदरानं त्याचा चेहरा झाकत होती, मला दिसू नये म्हणून. त्याचा उजवा हात मात्र मला दिसला. शेजाऱ्यांनी त्याला खाटेवर घालून स्टेशनावर नेलं आणि मिळेल त्या गाडीनं बाबा त्याला घेऊन नागपूरला गेले. माझ्या कानात दोन दिवस बारीक शिटी वाजत होती. अंगणातल्या तांब्याच्या उरलेल्या नळ्यांना कुणी हात लावेना. शेवटी मिलमधल्या एका मिस्त्रीनं लांब बांबूनं त्या उचलून बोडीत टाकल्या.

काका दीड-दोन महिन्यांनी घरी आला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली होती. दोन्ही डोळे गेले होते. त्याला ओसरीवर बसवलं तेव्हा तो तोंड फिरवून वास घेत म्हणाला, "बत्त्या बंद करून राहिले का?" बंदच होत्या. बाबांनी कारबाईडचे डबे विकून टाकले होते. बोदलकश्याच्या लोकांनी लग्न मोडल्याचा निरोप पाठवला होता, आडून नाही, सरळच. माझं कॉलेजही त्या दिवसापासून बंद होतं. कुणी तसा हुकूम केला नव्हता. सकाळी मी तयार होत नव्हते आणि मला कुणी विचारत नव्हतं. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मी सांगायला यायला नको होतं असं त्यांना वाटत होतं, की मला कॉलेजात घालायलाच नको होतं, ते मला कळत नव्हतं. दोन्हींचा अर्थ एकच होत होता.

एका दुपारी दुबे सर घरी आले. काकाजवळ बसून त्याच्या डाव्या हातावर हात ठेवून राहिले. जाताना त्यांनी पिशवीतून ते लायब्ररीचं पुस्तक काढून मला दिलं. "जब मन हो, तब आना," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर मी ते पान काढलं. तोच तक्ता, तोच परिच्छेद, शेवटची तीच ओळ. मग मी पान उलटलं. पलीकडे तोच परिच्छेद तीन ओळी पुढे गेला होता. हा थर ओला आहे तोवर फारसा धोका नाही. वाळल्यावर मात्र नुसत्या घासण्यानं तो फुटतो. म्हणून अशी नळी कधी खरवडू नये, पाण्यात बुडवूनच काढावी.

 काकाला पानांचा आवाज ऐकू आला असावा. "शकुन, तेच पुस्तक का?"

"हो."

"मले वाचून दाखव. जे तू त्या दिवशी वाचलं होतं ते."

मी वाचलं, इंग्रजी एक ओळ आणि मग आपल्या बोलीत तिचा अर्थ. पानाच्या शेवटी येऊन थांबले. काकानं मान माझ्याकडे केली. पट्ट्या सुटल्या होत्या, पण पापण्या उघडत नव्हत्या. "थांबली काऊन? त्याच्या पुढं काई आहे ना?"

मी नाही म्हणू शकले असते. त्याला कधीच कळलं नसतं. मी पान उलटलं आणि त्या तीन ओळी वाचल्या. शेवटपर्यंत, पाण्यात बुडवूनच काढावी, इथवर.

अंगणात माय धान पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता.  डाव्या हातानं चाचपडत काकानं माझं मनगट धरलं, घट्ट.

"हे तुह्या बापाले नको सांगजो," तो हळूच म्हणाला. "तुह्या मायलेही नको. कालेज बंदच करतीन तुह्यं."

"पण काका, मी पुरं वाचलं असतं तर..."

"मी आयकलं. आता पुस्तक ठेव." आणि थोड्या वेळानं, आवाज मोठा करून, मायला ऐकू जाईल असा, "वयनी, भूक लागली वो!"

त्या रात्री तो आणि बाबा ओसरीवर बोलत होते. सगळं मला ऐकू आलं नाही. मंडई, मांडव, पुढे बसलेली पोरं, असे काही शब्द तेवढे कानावर आले. बाबा मध्येच एकदा रडले.

सोमवारी सकाळी बाबांनी स्वतःच मला उठवलं. मायनं चहा आणि रात्रीचा भात परतून दिला. बाबा माझ्याबरोबर चालत निघाले, बाजारातून, रेल्वेचा पूल ओलांडून, कॉलेजच्या फाटकापर्यंत.  फाटकाशी थांबून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"देवाजीनं सांगितलं मले," ते म्हणाले. "तू येऊन बोलली नसती, त मांडवात फुटलं असतं ते. किती लेकरं गेली असती. तू वाचवलं बाई सगळ्याइले."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवून हो म्हटलं. मग आत गेले.